मुक्काम काझीपुरा

२ मे १९३६, पुणे

पंचवटीत उतरायचं नाही. ठरलं!

रंगनाथभटजींचं कार्ड आज आलं. हे आमच्या घराण्याचे नाशिकचे, पंचवटीतले उपाध्ये. चार पिढ्या आमची माणसं नाशकात गेली की त्यांच्याच घरी उतरतात, गंगेवर स्नान करतात आणि त्यांच्या वहीत आपल्या हातानं नावं लिहून येतात. कार्डात मजकूर असा — 'मंडळींची वाट पाहतो. मात्र गं. भा. मंगलाताईंची सोय अन्यत्र करावी. आमचे घरी इतर यजमान सोवळ्यात असतात.'

गं. भा.! मंगला माझी नणंद. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली, हे खरं. पण गेल्या माघात तिनं सिन्नरच्या एका मास्तरांशी लग्न केलं. भटजींना ते ठाऊक आहे — म्हणून तर घरात नको! म्हणजे घरात घ्यायला नको, कारण पुन्हा लग्न केलं. आणि लिहायला मात्र अजून विधवाच. दोन्ही एकाच वाक्यात! वीस वर्षं मासिकाची प्रुफं तपासते आहे. तांबड्या शाईनं 'गं. भा.' खोडलं, समासात 'सौ.' लिहिलं. कार्ड परत पाठवायचं नव्हतं. तरी बरं वाटलं.

यांना दाखवलं. म्हणाले, "मंगला धर्मशाळेत राहील. घाटावर भेटेल की आईला."

"लेक आईला घाटावर भेटणार असेल, तर मी पुण्यातच बरी."

३ मे

सासूबाई लग्नानंतर मंगलाला भेटलेल्या नाहीत. पूर्वी दर एकादशीला तिला पत्र जायचं. सांगायच्या त्या, लिहायची मी. अक्षर येतं त्यांना, पण "माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग" म्हणतात. माघापासून एक ओळ नाही. आणि सुट्टीत नाशिकला जायचं मात्र त्यांनीच काढलं. नाशकापासून सिन्नर किती जवळ, हे त्यांना माहीत नसेल?

५ मे

जागेचा शोध.

नाशकातच रविवार पेठेत यांच्या मित्राचं घर रिकामं होतं. त्यांनी विचारलं, नवे जावई कोणत्या पोटजातीचे? यांनी खरं ते सांगितलं. घर आता रिकामं नाही.

देवळाली. हवा उत्तम. पण तिथलं प्रत्येक आरोग्यभुवन कुठल्या ना कुठल्या जातीचं. पुनर्विवाह केलेल्यांसाठी अजून कुणी बांधलेलं नाही!

शरणपूर. मिशनच्या शाळेतल्या एका बाईंचा बंगला. सासूबाई देवघरातूनच ओरडल्या — "किरिस्तावांत? त्यापेक्षा इथंच गंगाजळ पाजा आणि मोकळे व्हा!"

छापखान्यात हीच रड मी कारकुनाला ऐकवत होते. आमचा जुना जुळारी इब्राहिम मूळ नाशिकचा. खिळे जुळवता जुळवता, मान वर न करता म्हणाला, "बाई, काझीपुऱ्यात माझ्या बहिणीची माडी मोकळी आहे. जिना वेगळा, मागे आड. घरात पाच वेळा नमाज होते. तेवढं चालत असेल तर बघा."

"सासूबाईंचं सोवळं फार आहे रे. तुझ्या बहिणीला जमेल?"

"खुर्शीदाला? तिचं सोवळं तुमच्या सासूबाईंपेक्षा कडक आहे!"

६ मे

घरी सांगितलं. यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "लोक काय म्हणतील?"

"ते मला पाठ आहे. दर महिन्याला त्यांची पत्रं मीच छापते."

सासूबाईंपुढे सरळ मांडलं. पंचवटी, पण मंगला नाही. किंवा काझीपुरा आणि मंगला. जपमाळ थांबली नाही.

८ मे

सकाळी सासूबाई — "माझं सोवळ्याचं गाठोडं निराळं बांध. आड किती खोल आहे, विचारलंस का?"

अंक छापायला गेला. निघतो!

१० मे, नाशिक

स्टेशनावर उतरतो तोच भटजींचा माणूस पुढे. "कुठले आपण? आडनाव काय?" हे सवयीनं सगळं सांगून मोकळे. लगेच त्यानं यांच्या पणजोबांचं नावही सांगितलं आणि आमची ट्रंक उचलली! मी ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. दोघं दोन बाजूंना. आमच्या मुली हसायला लागल्या.

"टांगेवाले, काझीपुरा!" मी चांगली मोठ्यानं म्हणाले.

टांगेवाला भिका माझ्याकडे, मग सासूबाईंच्या आलवणाकडे बघतच राहिला. "बाई, पंचवटी म्हणायचंय ना?"

"काझीपुरा."

"तिथं लुगडं घ्यायचंय का ऱ्हायचंय?"

"राहायचं. आठ दिवस."

"मंग बसा," तो म्हणाला. "घोड्याला काय, त्याला समदे पुरे सारखेच."

भटजींचा माणूस ट्रंक सोडून तसाच उभा राहिला.

११ मे

दुपारी मंगला सिन्नरच्या मोटारीनं एकटीच आली. मास्तर रविवारी येणार आहेत. हिरव्या बांगड्या, हातात लहानशी ट्रंक. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबली. वरच्या पायरीवर सासूबाई. मला तर एवढा अग्रलेख येतो, पण त्या क्षणी शब्द सुचला नाही.

खालच्या दारातून खुर्शीदा आली. मंगलाला वरखाली न्याहाळलं. "हीच ना ती लेक? इब्राहिमभाईनं लिवलं होतं." मग वर बघून, मोठ्यानं — "मुबारक हो, आजी! पोरीचं घर पुन्हा बसलं!"

सासूबाईंनी पदर पुढे ओढला.

"आमच्यात तर यात सांगण्यासारखंच काय नाय," खुर्शीदा म्हणाली. "निकाह म्हंजे निकाह. पहिला काय नि दुसरा काय. पण तोंड गोड करायला पायजे ना?" आत जाऊन पुडी घेऊन आली. खडीसाखर. दोन पायऱ्या चढून, सासूबाईंच्या पायाशी न शिवता ठेवली. "वाण्याकडची आहे आजी, पुडी सोडली पण नाय. तुम्हाला चालंल."

सासूबाई खाली बसल्या. पुडी उचलली, आलवणाच्या पदराला गाठ मारून बांधली. मग मंगलाला म्हणाल्या, "वर ये. उन्हात किती उभी राहशील?"

एक गोष्ट इथं लिहूनच ठेवते. माघात लग्न झालं, तेव्हा माझा अंक अडकला होता. गेले नाही. पुनर्विवाहावर दोन पानी लेख लिहिला, खूप वाखाणला गेला. मंगलाला अभिनंदनाची एक ओळ पाठवली नाही. तीन महिन्यांत आमच्यापैकी कुणीही पाठवली नाही. पहिलं अभिनंदन खुर्शीदाचं.

१२ मे

दुपारी सासूबाई गायब! दांडीवर गाठोडं नाही. मुली म्हणाल्या, "आजी भिकाच्या टांग्यातून गेली. पंचवटीला."

हे खाली बसले. "शेवटी भटजींकडेच."

मंगला ट्रंक भरायला लागली. "वहिनी, मी संध्याकाळच्या मोटारीनं जाते. तिला इकडे येऊ दे."

"ट्रंक रिकामी कर. त्यांना तिकडे राहायचं तर राहोत. आपण इथून हलायचं नाही!"

म्हणाले खरी. आवाज मात्र माझाच मला ओळखीचा वाटला नाही.

दिवेलागणीला टांगा आला. सासूबाई उतरल्या, गाठोडं ओलं. "स्नान करून आले," एवढंच. बोटांना शाई होती.

१४ मे

आज आम्ही दोघं पंचवटीत गेलो. भटजींनी वही पुढे टाकली. "बायकांनी वहीत लिहायची रीत नाही, म्हणून तुमच्या मातोश्रींना सांगितलं. तर म्हणाल्या, लिहू नये असं कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा. काय दाखवणार? आणि यजमानाच्या हातची ओळ आम्हाला खोडता येत नाही."

तीन वर्षांपूर्वीची 'गं. भा. मंगला' तशीच आहे. तिच्याखाली मुंग्यांची रांग —

'सौ. मंगला. जावाई मास्तर, सीन्नर. मूक्काम काजीपुरा. लीहिणार मंगलाची आई.'

पाच चुका. एकीलाही हात लावला नाही.