डाव्या हाताची भाषा

प्रिय खळी,

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शिलाई मशीन थांबवतो आणि गल्लीच्या टोकाच्या केंद्रात जाऊन बसतो. तिथे ऐकू न येणाऱ्यांचे आईबाप हातांची भाषा शिकतात. शिकवणाऱ्या ताईलाही ऐकू येत नाही. तिने दिवा चालू-बंद केला की वर्ग सुरू. मग कितीतरी हात हवेत फिरतात आणि खोलीत आवाज म्हणशील तर फक्त पंख्याचा. पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडतं.

ताईने मोबाईलवर धडे दिलेत. मी ते आरशात पाहावं तसे गिरवले. तिचा उजवा हात तो माझा डावा. बऱ्याच दिवसांनी कळलं, पठ्ठ्या सगळंच डावखुरं शिकलाय! ताई पोट धरून हसली, पण चालतं म्हणाली. हल्ली झोपेतही माझी बोटं हलतात आणि तुझ्या आईला लागतात म्हणे. आई विचारते, स्वप्नात कुणाचे कपडे बेतताय? अगं, गालावर बोट टेकवून तुझं नाव घेत असतो.

इतकी वर्षं मला ही भाषा शिकायची गरजच पडली नाही. तुम्हा मायलेकींचं गूळपीठ. तुझं बोलणं तीच मला सांगायची. तू कामासाठी लांब गेलीस तेव्हा तिला अक्षरओळख नाही म्हणून जीव खालीवर झाला होता. ताईनेच मोबाईलवर तुझा मोठा फोटो लावून दिला. त्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ कॉलवर तू समोर! आईला आभाळ ठेंगणं झालं होतं.

गेल्या रविवारी तू तिला सांगितलंस, तापाने फणफणलेय, फार एकटं वाटतंय. ती हसून म्हणाली, छान, छान! तुझा चेहरा उतरला. मी मागून धावत येईपर्यंत तू फोन बंद केलास. तेव्हापासून तू उचलतही नाहीस. तू काय म्हणालीस ते मी तिला सांगितलं, तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडली.

तिच्यावर रागावू नकोस, पोरी. तिला तुझे हात दिसतच नाहीत गं. तिची नजर हळूहळू गेली; डॉक्टरांनी हात टेकले. तुला कळलं तर नोकरी सोडून येशील म्हणून तिने मला शपथ घातली आणि स्वतः अंदाजाने हसत राहिली. ती शपथ आज मोडतोय. तिचे डोळे गेले म्हणूनच मी शिकायला लागलो. या रविवारी फोन उचल. तिचे हात तुझ्याशी बोलतील आणि तुझ्या हातांचं मी तिच्या कानात सांगेन. फक्त सावकाश बोल. तुझा एकही शब्द तिच्यापर्यंत पोचायचा राहायला नको.

तुझेच,
बाबा