सोळा हजारांचं घर

हैदराबाद
२ मार्च १९५८

प्रिय वसंत,

पाकिटात दोन कागद निघतील. अक्षर दोन्हींवर माझंच आहे, पण त्यातलं छोटं पत्र तुझ्या वडिलांचं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ते आधी वाच. घर विकल्याची आणि ते मुंबईला यायला निघाल्याची बातमी त्यात आहे. मग हे वाच, जरा निवांतपणे. यातलं थोडं त्या पत्राच्या उलट आहे.

मलकपेठेतलं एवढं चांगलं घर दीड वर्षात विकलं कसं जात नाही, हे तू तीन पत्रांत विचारलंस. बाजार पडलाय आणि तुझे अण्णा, आमचे केशवकाका, किंमत सोडत नाहीत, हे उत्तर मी तिन्ही वेळा दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. राज्यं नव्यानं आखली गेली आणि तुझ्यासारखे आपले सगळे नोकरदार मुंबई राज्यात गेले, तेव्हा तुमच्या एका गल्लीत अकरापैकी सहा घरांवर पाट्या लागल्या. अफझलगंजच्या वकिलांकडची माझी कारकुनी त्याच सुमारास सुटली, कारण त्यांची अर्धी अशिलं निघून गेली. लोकांची घरं विकून द्यायचा धंदा मग आपोआप माझ्याकडे आला. विकणाऱ्यांची तऱ्हा काय सांगू तुला! प्रत्येकाला वाटे, बाजार पडला असेल तर तो शेजाऱ्याच्या घराचा. नामदेवरावांनी देवघरातल्या संगमरवराचे वेगळे पैसे लावले. शेवटी घर निम्म्या किमतीत दिलं आणि संगमरवर उपटून बैलगाडीतून स्टेशनवर नेला. प्रतापरावांनी शेवग्याच्या झाडाचे दीडशे सांगितले होते. हजर व्हायची तारीख जवळ आली की ही मंडळी आपोआप खाली येत. मला काही करावं लागत नसे, फक्त वाट बघायची.

काकांना तारीख नव्हती. तालिमात खात्यातल्या मास्तरकीची पेन्शन घरबसल्या येत होती. सोळा हजार म्हणाले ते सोळा हजारच. घर अकराच्या वर जाणार नाही हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. का, ते तुला कधी कळवलं नव्हतं, आता कळवतो. नवीन गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी तुमच्याकडे नेत असे. सोळा हजार ऐकून तो दारातच वळायचा. ‘इत्ते में तो दो घराँ आते मियाँ’, असं एकानं काकांच्या तोंडावर सांगितलं. तिथून त्याला मी दोन गल्ल्या पलीकडचं नऊ हजारांचं घर दाखवी, आणि ते त्याला फुकटात मिळाल्यासारखं वाटे. तुमच्या घराच्या किमतीवर मी गेल्या वर्षात सात घरं विकली. धंद्यात असं करतात. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

काका येणाऱ्या प्रत्येकाला चहा द्यायचे. घर स्वतः फिरवून दाखवायचे, भिंतीवर हात ठेवून, एका खोलीतून दुसरीत. डोळे मिटूनही घर ओळखीन, असं गमतीनं म्हणत. लोकांना कौतुक वाटायचं, मलाही. चहा बशीत सांडायला लागला तेव्हा मी त्यांना म्हटलं, काका, आता चष्मा बदला. ते हसले. तू जूनमध्ये मला लिहिलंस, मुंबईत डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरांशी बोललोय, अण्णांना पाठव. मी त्यांना वाचून दाखवलं. घर विकलं की जातो, म्हणाले. मी आग्रह केला नाही.

जुलैत श्रीपती आला, बायको मालनबाईला घेऊन. मलकपेठेच्या पोस्टात नोकरी, गाव परभणीकडचं. त्यालाही मी रिवाजाप्रमाणे आधी तुमच्याकडे नेलं. दारात उभं राहूनच त्यानं सांगून टाकलं, आम्ही बौद्ध, गेल्या दसऱ्यापासून; आधी सांगतो, नंतर घोळ नको. मला वाटलं, आटोपलं, चला पुढच्या घराकडे. काकांनी त्यांना आत घेतलं. बाकीचे लोक यायचे ते घराला नावं ठेवायला, भाव पडावा म्हणून: मोरीला वास येतो, कौलं जुनी आहेत. या दोघांनी नाव ठेवलं नाही. मालनबाई आडाजवळ थांबली आणि पाणी गोड आहे का, एवढंच विचारलं. काकांनी पोहरा स्वतः ओढला, तिच्या ओंजळीत पाणी घातलं आणि म्हणाले, तूच सांग. ती प्यायली आणि गोड आहे म्हणाली. ओसरीवर परत आल्यावर काका मला म्हणाले, नरहर, यांना अकरा हजारांत द्यायचं. तोवर पाच आणे न सोडलेला माणूस एका घोटात पाच हजार खाली आला. पुढच्या आठवड्यात बयाणा घ्यायचा ठरला.

वसंत, तो बयाणा मी होऊ दिला नाही. तेव्हा माझी चार घरं विकायची शिल्लक होती आणि तुमचं घर गेलं असतं तर मला ती जड गेली असती. मी पोस्टात जाऊन श्रीपतीला सांगितलं, म्हाताऱ्यांचा विचार बदलला. कारण त्यानं विचारलं नाही. त्यानं काय समजून घेतलं असेल ते मला समोर उभं राहून दिसत होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. काकांना सांगितलं, त्यांना दुसरीकडे घर मिळालं. त्यांनी एवढंच विचारलं, तिथलं पाणी कसं आहे? काकांना दुसऱ्याच दिवशी खरं सांगता आलं असतं. आठ महिने मी दर रविवारी तुमच्या ओसरीवर चहा पीत होतो.

जानेवारीत मी त्यांना दवाखान्यात नेलं, चष्म्यासाठीच. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा गेला आहे, दुसऱ्याला नुसता उजेड कळतो. गेलेली नजर परत येत नसते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणलं असतं तर उरलेली राखता आली असती, असं ते म्हणाले. तुला कळवू नको, असं काकांनी मला बजावलं, आणि मी ते आनंदानं ऐकलं.

गेल्या सोमवारी काका तुला अंदाजानं खरडलेलं पत्र टाकायला चाचपडत एकटेच पोस्टात गेले. पत्ता कुणीतरी लिहून द्या म्हणाले. तो लिहायला उठला श्रीपती. काकांनी आवाजावरून त्याला ओळखलं आणि हौसेनं विचारलं, तुम्हाला कुठलं घर मिळालं रे? तो म्हणाला, तुम्हीच नाही म्हणालात ना. पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी तेव्हा तुमच्याच दारात एका गिऱ्हाइकाला घेऊन उभा होतो. काका श्रीपतीचा हात धरून आले. गिऱ्हाइकाला म्हणाले, ‘घर बिक गया मियाँ, तकलीफ नक्को.’ आणि श्रीपतीला घेऊन माझ्या बाजूनं आत गेले. श्रीपतीनं साडेनऊ हजार दिले, आजचा भाव तोच आहे. दलाली मी घेतली नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, कुणी देऊ केलीच नाही.

काल त्यांनी मला बोलावलं, पत्र लिहून घे म्हणाले. माझ्याशिवाय त्यांचं मराठी लिहून देणारं गल्लीत आता उरलंय कोण? त्यांनी सांगितलं: माझ्या हट्टापायी घर रखडलं, किंमत मी सोडली नाही, त्यात डोळे गेले, नरहरनं फार केलं, त्याला बोल लावू नकोस. मग विचारलं, लिहिलंस? मी म्हटलं, लिहिलं. परत वाच म्हणाले. मी वाचलं. तेच वाक्य तुझ्यासमोर आहे आणि ते खोटं आहे. त्यांनी ते माझ्यासाठी सांगितलं. तू मात्र आयुष्यभर बापाला हट्टी समजून त्यांच्या डोळ्यांचं खापर त्यांच्यावरच फोडशील, हे मला सहन होईना, म्हणून हा दुसरा कागद. माझं काय करायचं ते तू ठरव. नामपल्लीला गाडीत बसवून द्यायला येऊ का, असं मी विचारलं. श्रीपती येतोय, असं ते म्हणाले. शुक्रवारी सकाळी ते बोरीबंदरला उतरतील. तू समोर गेलास तरी त्यांना दिसणार नाहीस. जवळ जायच्या आधी लांबूनच हाक मार.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
नरहर