बाहुली तीन किलोची होती

सौ. विहीणबाई यांस,

तुमच्या लेकीच्या सासूचा नमस्कार पोचावा. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे कुणी कुणाशी बोलत नाही, पण ताप-खोकला कुणाला नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांची बीपीची गोळी चालू आहे ना? (बंद केली असेल तर परत सुरू करायला सांगा. लेक आठव्या महिन्यात बॅग आणि तीन वर्षांची पोर घेऊन दारात उभी राहिली म्हटल्यावर ती लागणारच.) आज अकरा दिवस झाले. फोन केला की तुम्ही म्हणता, झोपलीय. सकाळी दहाला झोपलीय, दुपारी चारला झोपलीय, संध्याकाळी सातलाही झोपलीय. इतकी झोप तिला इथे मिळाली असती तर ती गेलीच नसती. म्हणून पत्र लिहायला बसले. चौथीनंतर हातात पेन धरलं ते दुकानाच्या पावत्यांपुरतं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. लिहिण्यात काही टोचलं तर चुकून टोचलं असं समजू नका. तिने तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी सांगते ते खरं. म्हणजे बरंचसं.

थोरली झाली तेव्हा काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, पण तुम्ही सोयीचं तेवढंच लक्षात ठेवता, म्हणून परत सांगते. दवाखान्यातून आणली तेव्हा पोर सव्वातीन किलोची होती. आठव्या दिवशी आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात आलं, की घरात वजनकाटा असताना बाळाला तोलायला दवाखान्यात कशाला जायचं? भंगारवाल्याचा मुलगा, जगातली कुठलीही वस्तू काट्यावर टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. खाली दुकानात नेली, काट्यावर दुपटं अंथरलं, ठेवली. दोन किलो आठशे. झालं! घरात जणू आग लागली. माझी नणंद म्हणाली, दूध पातळ आहे. शेजारची शिवणवाली म्हणाली, छातीची ठेवणच चुकीची. (ती बायकांची मापं घेते, म्हणजे तिला सगळं कळतं.) आमचे हे गंजलेल्या पत्र्याकडे बघावं तसे दिवसातून चारदा येऊन बाळाकडे बघून जायचे. आणि तुम्ही, विहीणबाई, दुसऱ्या दिवशी पावडरचे डबे घेऊन हजर! एक नाही, दोन. मग पाजायच्या आधी वजन, पाजल्यावर वजन, आणि काटा ढिम्म. (तो पन्नास ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. हे आम्हा धंद्यातल्या चार शहाण्यांपैकी एकालाही आठवलं नाही.) पोरगी घाबरायची, घाबरली की रडायची, रडली की दूध उतरेना, उतरेना म्हणून बाटली, आणि बाटलीची चटक लागल्यावर बाळ अंगावर तोंड लावेना. महिन्याभरात सगळं आटलं. पुढची तीन वर्षं कुणी बाई बाळाला पदराखाली घेऊन बसली की तुमची लेक उठून दुसऱ्या खोलीत जायची, आणि आम्ही मोठ्या मनाने म्हणायचो, असतं बाई एखादीचं तसं.

या खेपेला मात्र तिने आधीपासून कंबर कसली. सातवा लागला तसा फ्रिजवर कागद चिकटवला. बाळ झाल्याबरोबर छातीशी घेणार, पहिले काही दिवस खोलीत कुणी यायचं नाही, घरात बाटली आणायची नाही, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या आणि लिहिताना बहुतेक माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ठीक आहे. मी काय, गप्प बसणारीच आहे. (हसू नका.) उलट मीच तयारीला लागले. माळ्यावरच्या जुन्या बाटल्या काढून फोडायच्या ढिगात टाकल्या. आमच्या ह्यांनाही स्फुरण चढलं. कुणाच्या तरी भंगारात दूध काढायचं यंत्र आलं होतं, ते ह्यांनी दोन दिवस खपून दुरुस्त केलं आणि सगळ्यांसमोर चालू करून दाखवलं. त्या यंत्राने टेबलावरचं प्लास्टिक आत ओढलं, मग प्लास्टिकवरची चमचे ठेवायची वाटी ओढली, आणि बंद करायचं बटण तेवढं दुरुस्त करायचं राहून गेलं होतं. सून पोटावर हात ठेवून दाराबाहेर उभी होती. हे म्हणाले, "जोर थोडा कमी करतो." मी म्हटलं, तुम्ही आधी तुमच्या बोटाला लावून बघा. लावलं. नख अजून काळं आहे.

मग तिने दवाखान्यातून एक शिकवणारी नर्स बोलावली. आम्ही तिला उशीबाई म्हणतो, कारण ती आली तीच चार उशा काखेत मारून. वर खोलीत जागा नव्हती म्हणून शिकवणी दुकानामागच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांवर. उशीबाईंनी पिशवीतून लोकरीने विणलेली छाती काढली. अगदी रंगासकट! हे तिथून जे उठले ते थेट रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मग एक बाहुली काढली आणि चिरंजीवांच्या हातात दिली, की बापानेही शिकायला हवं. त्याने ती आधी उलटी धरली, मग सुलटी धरली ती मानेला. आता खरं सांगते, बाईला येत होतं. बाळाचं तोंड केवढं उघडायला हवं, नाक कुठे, हनुवटी कुठे, सगळं दाखवलं. सुनेला विचारलं, पहिल्या वेळी काय झालं? तिने सांगितलं, की मला दूध पुरेसंच नव्हतं, वजन उतरत होतं, सगळ्यांनी पाहिलं. मान खाली घालून सांगितलं, धड्यासारखं. उशीबाई म्हणाल्या, तसं फार थोड्या जणींचं होतं.

तेवढ्यात आमच्या थोरलीने काय केलं? बाहुली उचलली आणि पळत जाऊन दाराजवळच्या काट्यावर ठेवली. शेवटी घराण्याचं रक्त. ठेवून ओरडली, "आज्जी, बाळ बघ ना किती झालं!" उशीबाई कौतुकाने बघायला गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचा काटा बिघडलाय वाटतं. दोन किलो सातशे दाखवतोय. आमची बाहुली बरोबर तीन किलोची असते, हातांना सवय व्हावी म्हणून."

विहीणबाई, आमच्या दुकानात दोन काटे आहेत. एक माल घेण्याचा, एक देण्याचा. देण्याचा अगदी सरळ आहे. घेण्याचा किलोमागे शंभर ग्रॅम लाजतो. हा बिघाड नाही, ही या धंद्याची रीत आहे, आणि तो तसा बसवून मीच घेतलाय, समोर उभी राहून. चिरंजीवांनी त्या दिवशी पोर घेण्याच्या काट्यावर ठेवली, कारण तो दाराजवळ होता. बस, एवढंच. चार पावलं आत गेला असता तर सव्वातीनाची पोर सव्वातीनाला जरा कमी भरली असती. उशीबाई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात तेवढं उतरतंच, नंतर भरून येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

दुकानात एक म्हातारी रद्दी घेऊन आली होती, तिला सगळं लगेच कळलं. तिने गठ्ठे परत डोक्यावर घेतले आणि चालती झाली. तुमच्या लेकीने विचारलं, "त्या दिवशी कुठल्या काट्यावर ठेवली होती?" चिरंजीव बाहुलीचं झबलं सारखं करत बसला. मी म्हटलं, आता झालं ते झालं. (हे म्हणायला नको होतं, हे मला म्हणता म्हणताच कळलं.) ती रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "आटला होता तो तुमचा काटा होता, आई. मी नव्हते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे.

आता काटा खरा लावून घेतलाय. परिणाम असा, की गिऱ्हाईक आकडा बघतं, मग माझ्याकडे बघतं आणि विचारतं, काकू, तब्येत बरी आहे ना? माल सगळा पूर्ण भरतो आणि मी सगळ्यांवर खेकसते. चिरंजीव जेवायला बसतो आणि उठतो, मध्ये काय करतो कळत नाही. व्याह्यांना नमस्कार, थोरलीला पापा. गुडघ्यांना जपा.

तुमची विहीण

ता. क. तिला परत पाठवा म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. राहू दे तिथेच. तुमच्या घरात काटा नाही, हा तुमच्या घराचा एकच गुण, पण मोठा आहे. पावडरचा डबा मात्र दिसला तर मी तुमचं वय बघणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. दाखवायचंच झालं तर नणंदेचं वाक्य गाळा. ते नणंदेचं नव्हतं. दूध पातळ आहे असं मी म्हणाले होते.

ता. क. तिसरा, आणि हा तेवढा तिला सांगा, माझ्या तोंडून निघणार नाही. चिरंजीव माझ्या अंगावर चार दिवससुद्धा धड प्यायलेला नाही. पाचव्या दिवशी माझं बंद झालं. का झालं ते कुणी विचारलं नाही आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. थोरलीच्या वेळी काट्याने दोन किलो आठशे दाखवले आणि सगळे रडायला लागले, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं, की चला, आपण एकट्याच नाही. म्हणून दुसऱ्या काट्यावर बघावं असं मला सुचलं नाही. सगळ्यांत आधी मला सुचायला हवं होतं. तर तिला विचारा, बाळ झालं की मी एक दिवस येऊ का? भिंतीला टेकून बसेन. हात लावणार नाही, बोलणार नाही. आमच्या घरातलं मूल आईच्या अंगावर निवांत, पोटभर पिताना मी अजून पाहिलेलं नाही, ते एकदा बघायचंय. नाही म्हणाली तर भांडू नका तिच्याशी. दोन दिवस थांबा आणि परत विचारा.