वेळ अमावस्येआधीची मेथी

सोलापूर,
ता. ८ डिसेंबर १९७३

सौ. काशम्मा हिला अनेक आशीर्वाद. पत्र वाचून दाखवणाऱ्या दाक्षायणीला, आणि आजीच्या मांडीवर हातपाय झाडत असलेल्या आपल्या नातवालाही.

मी खुशाल आहे. खोकला गेला. दूध हल्ली क्वचितच उतू जातं.

लेकीच्या बाळंतपणाला तू बार्शीला गेलीस तेव्हा परसात होतं काय? शेवगा आणि कपडे वाळत घालायची तार. तुझे वाफे गेल्या वर्षीच्या दुष्काळात जळून गेले होते. एस.टी.त चढताना तू म्हणालीस, "औंदा पाऊस बरा हाय, चार बिया टाका. नुसतं कविता म्हणत बसू नका की." टाकल्या. आता तू पाहिलंस तर दुसऱ्याच्या घरी आले की काय म्हणशील. न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू माजलं आहे. कुंपणावर दोडका आणि पावटा. मधल्या वाफ्यात मेथी आणि चुका, दाराशी मिरच्या.

वांग्यांची तेवढी गंमत झाली. जन्मभर मुलांकडून वृत्तं घोकून घेतली, ती हातातून कशी जाणार? रोपं मी भुजंगप्रयाताच्या चालीत लावली. एक अंतर आखूड, दोन लांब, पुन्हा एक आखूड. तोंडाने चाल म्हणत लावत गेलो, फार बरं वाटलं. आता आखूड अंतरातली झाडं एकमेकांच्या अंगावर आली आहेत. शेजारच्या अक्कम्माने भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाली, "काय मास्तर, रांग शिंदी पिऊन लावलाव का?" मी तिला लघु-गुरू समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे वांग्याला सांगा की."

सिद्धप्पांचं कार्ड पोचलं. जावयांचं अक्षर चांगलं आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

सकाळी चहाची कपबशी घेऊन मी मागच्या पायरीवर बसतो. मेथीच्या पानांवर दव असतं, आणि ऊन भिंतीवरून उतरलं की सगळा वाफा एकदम हलतो. पहिल्या तासाला वर्ग एका सुरात कविता म्हणायला उठायचा तसा. मग एखादी जुनी ओळ ओठांवर येते. कुणाला तरी ऐकवावी म्हणून मी मान वळवतो, तर न्हाणीपाशी नुसती घागर असते.

काल अक्कम्मा मागच्या दाराने आतच आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, मेथीला फुलं आली. आता काय हार करून घालताव कुणाला?"

मी म्हटलं, "भाजी वेळ अमावस्येसाठी राखली आहे." खोटं नव्हतं. त्या दिवशी सगळा पाला, सगळ्या शेंगा एकत्र करून तू भज्जी करतेस, आंबील करतेस, ती वाफ्यांवर शिंपडतेस, मगच आपण जेवतो. दुष्काळामुळे गेल्या वर्षी काहीच झालं नाही. यंदा काही कमी पडू नये म्हणून मी एक पान तोडलं नव्हतं.

"तवर काय ऱ्हातंय?" ती म्हणाली. "त्यो दोडका बघा, त्यानं पाठ घासावी लागंल. आन् शेंगा तोडल्या न्हाईत तर येल पुढं धरतच न्हाई. मग तुमी खाताव काय?"

"खानावळीतून डबा येतो."

"परसात एवढं असून?" तिने कमरेवरचे हात खाली घेतले. मग हळूच म्हणाली, "काशम्माक्का येणार हाय का न्हाय?"

"येणार की," मी म्हणालो. आणि म्हटल्यावर लक्षात आलं, की ते मला माहीत नाही.

आता कार्डाविषयी. सिद्धप्पा लिहितात, आईंना इथे करमतं, गुडघेही बरे आहेत, घरात नळ आहे. तुम्हीही घर भाड्याने देऊन कायमचे इकडे या. लिहिणं आपुलकीचं आहे, त्यांना माझा बोल नाही. पण अख्ख्या कार्डात तुझं एक वाक्य नाही. दिवाळीला तू येणार होतीस. मग बाळाला ताप आला, मग थंडी पडली. कारणं सगळी खरी होती. मी 'सावकाश ये' असं लिहीत गेलो, आणि मेथी तशीच उभी ठेवली.

आज सकाळी तोडली. अक्कम्माचा भाऊ येडू बार्शीच्या बाजाराला निघाला आहे, त्याच्याबरोबर हे पत्र आणि टोपली पाठवतो. खाली वांगी, मध्ये पावटा, वर मेथी. फुलं आलेले शेंडे काढले आहेत. बुडखे वाफ्यात ठेवलेत, ते अमावस्येपर्यंत पुन्हा फुटतील असं अक्कम्मा म्हणते.

तुला तिथेच राहावंसं वाटत असेल तर मी किल्ली अक्कम्माकडे देऊन येईन. तिथे परस नसलं तर पत्र्याच्या डब्यात मिरची लावू. 'मला दोन्ही चालेल' असं पुढे लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मला तू इथे हवी आहेस. हे समोर बसून मला कधी म्हणता आलं नसतं, आणि लेकीच्या तोंडून तुला ऐकावं लागतंय, त्याला इलाज नाही. तरी माझ्या हवं म्हणण्यावरून येऊ नकोस. तुला यायचं असेल तरच ये.

दाक्षायणी, पोरी, आईला विचार आणि उत्तर लिहून पाठव. तू मास्तरांची मुलगी, तिचं बोलणं शुद्ध करायला जाशील, ते करू नकोस. 'येती' म्हणाली तर 'येती'च लिही. 'न्हाय' म्हणाली तर 'न्हाय'. मला ते तिच्या आवाजात वाचायचं आहे.

काशम्मा, तुझ्या एका शब्दासाठी दाराशी उभा असलेला,
मडिवाळप्पा