शुक्रवार ते रविवार, पणजी

आई, तुझी नात मला पणजीला घेऊन निघाली आहे. शुक्रवारी सकाळी ठाण्याहून गाडी, दुपारनंतर गोव्यातलं करमळी स्टेशन, आणि तीन दिवस नदीजवळच्या एका जुन्या घरात मुक्काम. तीन आठवड्यांपूर्वी चहा गाळता गाळता तिनं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "का?" दुसरी कुणी बाई असती तर तिनं "कधी?" विचारलं असतं. मी तुझी मुलगी, मी "का?" विचारलं. ती म्हणाली, "का काय यार आई, फिरायला. छान ऊन असतं आता. नदीच्या कडेनं चालायला रस्ता आहे, गल्ल्यांतली घरं पिवळी-निळी रंगवलेली, भिंतींवर चित्रं, कुठे ना कुठे प्रदर्शन चालू असतं. तुला आवडेल." मला आवडेल हे हिला कधी कळलं? बासष्ट वर्षांची झाले, साड्यांचं सोडून मी एकही प्रदर्शन बघितलेलं नाही.

संशय घ्यायला तूच शिकवलंस. मालाडच्या खोलीत आपण राहत होतो तेव्हा बाजारात तू बांगड्याचा कल्ला उचलून बघायचीस, पोट दाबायचीस, वास घ्यायचीस आणि मासा अगदी ताजा निघाला तरी कोळणीला म्हणायचीस, "कालचो दिसता." मी दहा-अकरा वर्षांची असेन. शेजारच्या चाळीतले एक काका आले आणि म्हणाले, सगळ्या पोरांना गोरेगावच्या स्टुडिओत शूटिंग बघायला नेतो, एक पैसा नको. पोरं नाचायला लागली. तू कढईखालचा गॅस बारीक केलास, पदराला हात पुसत बाहेर आलीस आणि विचारलंस, "पोरांका कित्याक व्हरतास?" ते हसले, म्हणाले, हौस म्हणून. तू पुन्हा विचारलंस. तिसऱ्यांदा विचारलंस. मला जाऊ दिलं नाहीस आणि मी रडले तर वर म्हणालीस, "फुकट कोण कोणाक पाणी सुद्धा देणा नाय." संध्याकाळी पोरं परत आली ती उन्हानं काळवंडून. त्यांना दिवसभर गर्दीत उभं केलं होतं, हात वर करून ओरडायला लावलं होतं, आणि पोरांच्या नावानं मिळालेले पैसे काकांच्या खिशात गेले होते. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. त्या दिवसापासून मला कुणी काही आपणहून देऊ केलं की मी आधी "का?" विचारते.

तर मी बघायला लागले. मुलगी एकतीस वर्षांची, मालाडला ऑफिस, रविवारी सकाळी गोरेगावला मातीची भांडी करायला शिकते, बाकी वेळ फोन. मुलुंडच्या या घरात आम्ही दोघीच, तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. माझ्याशी जेवताना चार वाक्यं बोलली तरी पुष्कळ. तीच मुलगी एकाएकी मला चालायचे बूट घेऊन आली. मोबाइलवरून गॅस कसा बुक करायचा ते तिनं दोनदा शिकवलं. घराची एक चावी समोरच्या काकूंकडे दिली, "असू दे गं, कधी लागली तर." एकदा टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "आई, तुला एकटीला राहायची भीती वाटते का गं?" आणि मग एके दिवशी तिनं माझ्या गोळ्यांची यादी केली. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, डॉक्टरांचा नंबर, सगळं ठळक अक्षरात. ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. कारण तशीच यादी मी तुझ्यासाठी केली होती.

तुला आठवतंय ना? मला सांगायला नको, तरी लिहिते. एकवीस वर्षं झाली. तू माझ्याकडे राहत होतीस. दोनदा गॅस उघडा राहिला, एकदा तू दार सताड उघडं टाकून खाली गेलीस आणि चेकनाक्यापर्यंत पोचलीस. मी वॉर्ड ऑफिसात नोकरीला, मुलगी दहा वर्षांची, नवरा फिरतीवर. चेंबूरला दादाकडे जागा नव्हती, मन तर त्याहून नव्हतं. आम्ही दोघा बहीणभावांनी ठरवलं आणि तुला सांगितलं की कर्जतच्या पुढे हवापालट करायला जाऊ, चार दिवस. छान झाडं आहेत, तुझ्या वयाच्या बायका आहेत, गप्पा मारायला बऱ्या. तू माझ्याकडे त्या काकांकडे बघितलं होतंस तसंच बघितलंस. "माका खय व्हरतंस गो?" मी म्हटलं, सांगितलं ना, फिरायला. तू म्हणालीस, "परतीचा तिकीट काढलंस मा?" मी म्हटलं, हो. तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. गुपचूप उठलीस आणि चार दिवसांसाठी सगळी लुगडी पिशवीत भरलीस. तुला कळलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणून मागच्या गुरुवारी मुलगी गॅलरीत फोनवर बोलत होती तेव्हा मी दारामागे उभी राहिले. लाज वाटली, पण राहिले. ती कुणाला तरी सांगत होती, "नाही, तिला अजून काही सांगितलं नाही. आधी जागा बघू दे तिला. तिकडे नेल्यावर सांगते." मी आत येऊन पलंगावर बसले. जागा. म्हणजे कर्जतच्या पुढे होता तसाच वृद्धाश्रम, फक्त पणजीचा. नदीकाठी, ऊन, रंगीत भिंती, माझ्या वयाच्या बायका. मला राग येत नव्हता, ते विचित्र होतं. आलं ते बरोबरच आलं, असं वाटत होतं.

काल रविवारी दुपारी मी कोळंबी सोलत होते आणि ती समोर बसून सॅलडसाठी काकडी चिरत होती. मी मान वर न करता विचारलं, "परतीचं तिकीट काढलंयस ना?" ती म्हणाली, "हो गं." माझाच आवाज, आई. अगदी माझाच. मी हात धुतले आणि म्हटलं, "दाखव."

"अगं, दाखवू काय? काढलंय म्हटलं ना."

"मोबाइल उघड आणि दाखव."

तिनं दाखवलं. जातानाची दोन नावं होती. येतानाचं एकच. मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. माझं नाव होतं. रविवारी परत येणार होते ती मी. आधी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग कळलं.

"मी नोकरी सोडलीय," ती म्हणाली. "तिकडे एक बाई आहे, मातीची भांडी बनवते, स्वतःची भट्टी आहे. वर खोली रिकामी आहे. मी तिच्याकडे काम करणार. इथे सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हटलं, तू आधी जागा बघ, नदीवर बसू, मग सांगू."

"म्हणजे मला फिरायला नेऊन सांगणार होतीस."

"हो. त्यात काय एवढं?"

त्यात काय ते मी तिला सांगितलं. कर्जत, चार दिवस, पिशवीतली लुगडी, सगळं. तिला आम्ही सांगितलं होतं की आजी गावाला गेली, तिला तिथली हवा मानवते, आणि वर्षभरानं तिथेच वारली. ती सुरी खाली ठेवून ऐकत होती. मला वाटलं, रडेल. तिनं विचारलं, "मग मी आजीला पत्रं लिहायचे, ती कुठे जायची?"

आई, तिनं तुला अकरा पत्रं लिहिली होती. चित्रं काढून, खाली नदी, वर सूर्य. पहिली दोन मी तुला वाचून दाखवली. तू दोन्ही वेळा विचारलंस, "तेका कळाक नाय ना, मी हय आसंय ता?" त्यानंतर मला वाचवेना. बाकीची मी ऑफिसात जुन्या फायलींखाली ठेवली, आणि ऑफिस दुसऱ्या इमारतीत गेलं तेव्हा ती रद्दीत गेली. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कोळंबी तशीच राहिली.

तासाभरानं बाहेर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "तू येतेयस की नाही शुक्रवारी, तेवढं सांग."

मी म्हटलं, "येते. पण ती खोली मी बघणार. दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी किती वेळ असतं, भट्टी जिन्याच्या किती जवळ आहे. आणि त्या बाईला विचारणार, हिला का ठेवून घेतेस म्हणून."

"तिसऱ्यांदा विचारशील ना तेव्हा मी मध्ये पडणार."

"पड. तरी विचारणार."

ती हसली नाही, पण कोळंबी तिनंच फोडणीला टाकली. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. कालपासून मला ती परक्यासारखी निरखते, मी अजून काय काय लपवलं असेल याचा हिशेब लावत असावी. लावू दे. तिचा हक्क आहे. आणि खरं सांगू, त्या भट्टीवाल्या बाईवर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

हे पोस्टात जाणार नाही, हे तुला माहीत आहे. लेकीला सगळं सांगितलं म्हटलं, पण एक राहिलं. तुला तिथे सोडून आल्यावर मी रात्रभर रडले, असं मी दादाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, काल तिलाही सांगितलं. रडले, पण ते दोन दिवसांनी. त्या संध्याकाळी मी घरी आले, भात टाकला, सुकटाची चटणी केली, आणि कित्येक महिन्यांनी पंख्याखाली पाय पसरून, कुठे काही उघडं राहिलंय का याची काळजी न करता, दोनदा भात वाढून घेऊन जेवले.