दुधाच्या दातांची डबी

१२ जुलै २०२२, संध्याकाळ
तेजलच्या शाळेत दातांचं शिबिर झालं. चिठ्ठी आली आहे: वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आत बसतात, सात वर्षं पूर्ण झाली आहेत, ऑर्थोडॉन्टिस्टला एकदा दाखवून घ्या. दुसरीतल्या पोरीला! तारा आठवी-नववीत लावतात, हे अख्ख्या जळगावला माहीत आहे. तरी दाखवू. याच महिन्यात.

३१ जुलै
महिना संपला. भडगावला आईला फोन केला. ती म्हणाली, "दूधना दात शेतस रे, पडी जातीन." आईने पाच पोरं वाढवली. शिबिरातल्या डॉक्टरीणबाई जेमतेम पंचविशीच्या. ठरलं. सगळे दुधाचे दात पडू द्यायचे, मग एकदाच जायचं. सारिकाला पटलेलं नाही. बायकोला पटवण्यात माणूस थकून जातो.

४ सप्टेंबर
एक दात पडला. कौलावर टाकला की नवा सरळ येतो. पण आम्ही मेहरूणला तिसऱ्या मजल्यावर, कौल आणायचं कुठून? कापराच्या रिकाम्या डबीत ठेवला. वर तारखेची चिठ्ठी. दिवाळीला भडगावच्या कौलावर टाकू. पद्धतशीर काम.

१८ फेब्रुवारी २०२३
डबीत चार. दिवाळीला डबी न्यायची राहिली.
ऑफिसातल्या अभिमनने पोराला आठव्या वर्षीच नेलं. डॉक्टरांनी काही केलं नाही, नुसतं बघितलं आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. काही करायचंच नव्हतं तर नेलं कशाला? अभिमनला हे नीट समजावून सांगितलं. तो चहा पीत राहिला.

२४ एप्रिल
आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भडगावला. डबी पुन्हा घरीच. झोक्यावरचे फोटो आले. बाकीच्या पोरी खिदळताहेत, तेजलचे ओठ मिटलेले. वयाच्या मानाने गंभीर झाली आहे. माझ्यावर गेली.

७ जानेवारी २०२४, सकाळ
नवा उपाय, ग्रुपवर आला होता. कडक खाल्लं की जबडा वाढतो. आजपासून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि ऊस दातांनी सोलून. आधी मी स्वतः करून दाखवणार.

त्याच दिवशी, दुपार
माझी दाढ तुटली. वीस मिनिटांत डॉक्टरच्या खुर्चीत होतो. सोबत तेजल. येताना तिने विचारलं की दुखल्याशिवाय नेत नाहीत का. हुशार आहे पोरगी. बोलताना तोंडावर हात का धरते, कळत नाही.

१९ जुलै
वर्गात कविता म्हणायला उभी राहिली नाही. पोरं हसतात म्हणे. सारिका रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आता नेतोच. पण ओळखीशिवाय डॉक्टर नको. धुळ्याला देवपूरमध्ये मेहुणा अमृतच्या ओळखीचे एक आहेत. अमृतला फोन करायचा.

३ नोव्हेंबर
अमृतला फोन केला. त्याने परवाचीच वेळ घेतली. इतकी घाई? ऑफिसात ऑडिट आहे. रद्द केली. लोक दुसऱ्याची अडचण बघत नाहीत.

९ ऑगस्ट २०२५
सारिकाने परस्पर वेळ घेतली. देवपूर. मी डबी नेली. अकरा दात, तारीखवार. डॉक्टरांनी चिठ्ठ्या वाचल्या, झाकण लावलं, परत दिली. मग तेजलचे एक्सरे लावून बसले. म्हणाले, सात-आठला जबडा ऐकतो. आता दहा. प्रयत्न करू, पण वेळ जास्त लागेल, आणि पुरतं जमेलच असं नाही. मोठेपणी ऑपरेशनही लागू शकतं.

सारिका एवढंच म्हणाली की वरातीमागून घोडं.

डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? मी म्हटलं, आत्ता, हल्लीच. ही रोजनिशी पिशवीतच होती.

तेजल खुर्चीतून बोलली. तोंडावर हात धरूनच.

"पप्पा, मी दुसरीत होते."

येताना बसमध्ये पहिलं पान काढून बघितलं. दुसरीतच होती. डबी अजून पिशवीत आहे.