उसना दवाखाना

४ तारीख, सोमवार

पाणी नाही! तिसऱ्या मजल्यावरच्या आम्ही सगळ्या पुन्हा बादल्या घेऊन खाली. भावी डॉक्टरणींची वरातच. रेक्टरबाई दारात उभ्या राहून म्हणतात, "तेवढाच व्यायाम होतो गं मुलींनो." स्वतः राहतात तळमजल्यावर. बोलायला काय जातंय!

नोटीस लागली आहे — पुढच्या आठवड्यात तपासणी. हे खरंच मेडिकल कॉलेज आहे का, ते बघायला समिती येणार. आम्हालाही कधीपासून बघायचंय.

५ तारीख

माझ्या रूममेटला आम्ही 'धडा' म्हणतो, कारण जो धडा वाचते तो रोग तिला होतो. मागच्या आठवड्यात क्षय होता. खोकून खोकून खोली डोक्यावर घेतली. धडा संपला आणि बाई ठणठणीत! आता थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी. स्वतःचा गळा चाचपून झाला, मग माझ्या मागे लागली. "पाण्याचा घोट घे ना, गिळताना बघते." घेतला.

"अगं, तुझ्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय!"

म्हटलं, होणारच, गिळतेय ना मी! रुसून बसली. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्याचं दुसरं काय होणार?

८ तारीख

आज ट्रक आला. त्यातून काय काय उतरलं! कुंड्या, लायब्ररीसाठी जाडजूड पुस्तकं, आणि सोनोग्राफीचं मशीन. सगळं भाड्याचं. डीनमॅडमनी मशीनशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. प्लास्टिक मात्र काढायचं नाही. मी विचारलं, हे चालवणार कोण?

"चालवायचंय कुठे? दाखवायचंय."

परवाच ओपीडीतल्या एका गरोदर बाईला "सोनोग्राफी बाहेरून करून आणा" म्हणून बसमध्ये बसवून दिलं होतं. आता मशीन कॉरिडॉरमध्ये उभं आहे, नव्या नवरीसारखं झाकून. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

जाता जाता — आज तिसऱ्या मजल्यावर पाणी आलं. गरम! तपासणी रोज असावी.

९ तारीख

ठरलं. समितीने विचारलं की सगळं सांगायचं. पाणी, मशीन, कुलूपबंद लायब्ररी, सगळं. आईला फोनवर बोलले तर घाबरली. "कॉलेजची मान्यता गेली तर तुझ्या डिग्रीचं काय? डिग्री हातात पडेपर्यंत तोंडाला कुलूप लाव, माझे आई." बाबा मागून म्हणाले, "तिच्या कुलपाची किल्ली जन्मतःच हरवली आहे."

भीती मलाही वाटते. नाही असं नाही. पण ती बसमधली बाई डोळ्यांपुढून जात नाही.

११ तारीख

रेक्टरबाई माझ्या पुढच्या निघाल्या! वॉर्डातल्या निम्म्या खाटा रिकाम्या, त्यांवर आम्हा मुलींना पेशंट म्हणून झोपवणार. आणि झोपवायला कोणाला निवडलं? ज्यांची जीभ लांब त्यांना. "पेशंटला कोणी कॉलेजबद्दल विचारत नाही," असं हसत हसत म्हणाल्या. बाई डॉक्टर व्हायला हव्या होत्या, कुठे कापायचं ते नेमकं कळतं.

रंगीत तालीम झाली. मला पोटदुखी, शेजारच्या खाटेवर धडा. तिला नुसता ताप दिलाय, म्हणून नाराज. "निदान कावीळ तरी द्या." पेशंटचा झगा गळ्याशी आवळतो. एप्रनचं वरचं बटणही हल्ली लागत नाही. मेसचं जेवण खाऊन कोणी जाड झाल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

१२ तारीख

नीट क्रमाने लिहिते.

समितीतल्या एक म्हाताऱ्या सर्जनबाई वॉर्डात आल्या. मागे डीनमॅडम, रेक्टरबाई. माझ्या खाटेशी थांबल्या. "काय होतंय, बाई?"

आणि मी माती खाल्ली! केस सांगायची सवय, दुसरं काय. म्हटलं, दुखणं बेंबीच्या वर आहे, पाठीकडे जात नाही, जेवणाशी संबंध नाही, उलटी नाही, ताप नाही, कावीळ नाही. काय काय *नाही* ते सांगणारा पेशंट जगात कोणी पाहिलाय?

"कोणत्या वर्षाला आहेस?"

"सेकंड इयर." तोंडातून निघूनच गेलं! रेक्टरबाईंनी डोळे मिटले.

सर्जनबाई हसल्या नाहीत. नाडी बघितली, डोळे बघितले, मग मानेला हात. जुन्या शिस्तीच्या, पोटदुखीवाल्याचीही मान चाचपणाऱ्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी उठून बसले. "मॅडम, मी पेशंट नाही. मला इथे—"

त्यांची बोटं तिथेच थांबली. "घोट गिळ." गिळला. "परत."

मग हळूच म्हणाल्या, "आहेस."

शेजारच्या खाटेवर धडा ताडकन उठून बसली.

बाई डीनमॅडमकडे वळल्या. "बाहेर मशीन पाहिलं मी. हिची सोनोग्राफी आत्ता, माझ्यासमोर."

"ते... चालवणारे रजेवर आहेत, मॅडम."

"मी करते."

प्लास्टिक फाडलं. बटण दाबलं. काही नाही. बाईंनी मागे वाकून पाहिलं, तर वायरच नाही! दुकानात मांडायचा नमुना, आतून पोकळ. मला मोठ्याने हसू आलं आणि त्याच दमात रडू. पाणी, लायब्ररी, काही सांगावंच लागलं नाही.

१३ तारीख

दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेले. बसने. सोबत धडा. सुई घालून गळ्यातल्या गाठीतल्या पेशी काढल्या. आख्ख्या वाटेत ती "मी सांगत होते" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१५ तारीख

ट्रक परत आला, कुंड्या घेऊन गेला. मान्यता लटकली. मेसमध्ये मुली मला बघून गप्प होतात. रेक्टरबाई म्हणाल्या, "बुडवलंस ना सगळं?" मी काही केलं नाही हो, फक्त गिळलं!

नळाला पाणी नाही. आज माझी बादली धडाने वर आणून दिली.

१९ तारीख

रिपोर्ट आला. कॅन्सर. आईला अजून सांगितलेलं नाही. आख्ख्या तपासणीत खरी निघाली ती एकच गोष्ट — माझी गाठ.